मैल आणि मजल

दोन गावांमध्ये अंतर किती, असा प्रश्न कोणी केला असता आपण मैलांचा किंवा किलोमीटरांचा आकडा सांगून मोकळे होतो. परंतु विचारणाराच्या मनात बहुधा मैल नसतात. तेथे पोहोचावयास किती वेळ लागेल, एवढेच त्यास हवे असते. आकडा आणि वेळ ह्या दोहोंची आपण नेहमी गल्लत करतो. व्यवहारात तीमुळे फारसे बिघडत नाही. परंतु एखादा प्रसंग असा येतो की, ही गल्लत मनास एकदम झोंबते. तसा एक प्रसंग आम्हांस आखाडा बाळापूर येथे आला. प्रस्तुत निबंधाचे निमित्त तेच.

आखाडा बाळापूर हे हिंगोली जिल्ह्याच्या कळमनुरी तालुक्यातील गाव, हिंगोलीहून नांदेडास जाणाऱ्या रस्त्यावरचे. आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या घरी आम्ही तेथे दोन दिवस उतरलो होतो. संध्याकाळी अंगणात बाजा टाकून बसलो असता फार उंचावरून एक विमान उत्तरेकडे गेले. शेजारचे एक वृद्ध शेतकरी गप्पांस आले होते. त्यांनी मान वर करून ते दिसेनासे होईपर्यंत पाहिले आणि मग आम्हांस विचारले, "सर, ह्ये इमान बंगळूराहून येतंय म्हणतात. मंग आमच्या लेकराला यायला दुसरा दिस कामून उजाडला?"

प्रश्नामागची हकीकत आमच्या विद्यार्थ्याने मागाहून सांगितली. ह्या गृहस्थांचा वडील मुलगा बंगळुरास नोकरीस आहे. आई गेल्याची वार्ता त्याला सकाळीच दूरध्वनीवर कळली व तो तसाच निघाला. परंतु विमानाने हैदराबाद, तेथून रात्रीची गाडी, नांदेडास पहाट आणि मग पुढचा रस्ता, असे करीत तो घरी पोहोचला तेव्हा दुसरा दिवस उजाडला होता. संध्याकाळच्या आत अग्नी द्यावा लागला आणि त्यासाठी धाकटा भाऊ पुढे झाला. आम्ही त्या वृद्धांस त्या वेळी काही उत्तर दिले नाही. देता आले नाही, हे म्हणणे अधिक खरे. त्यांचा प्रश्न साधा होता, पण त्याचे उत्तर दोनशे वर्षांच्या इतिहासात विखुरलेले आहे. ते येथे एकत्र करून पाहू.

आपले पूर्वज अंतर मोजीत ते कोसांनी. पण प्रवास मोजीत ते मजलांनी. मजल म्हणजे एका दिवसाची चाल. ती घाटात आखूड होई, सपाटीवर लांब होई, पावसाळ्यात नदीकाठी अडून राही. म्हणजे मजल हे माप अंतराचे नसून माणसाच्या पायांचे, बैलांच्या खुरांचे आणि ऋतूचे होते. ह्याच हिंगोली जिल्ह्यातील नरसीचे नामदेव पंजाबात घुमानापर्यंत गेले आणि त्या पंजाबाकडचे गुरू गोविंदसिंग १७०८ साली नांदेडास येऊन तेथेच त्यांचा देह पडला. हे दोन्ही प्रवास मजलांचे. त्यांचे कोस कोणी मोजून ठेवले नाहीत, परंतु ते किती लांबचे होते हे त्या काळच्या प्रत्येक माणसास ठाऊक होते.

वार्तेचीही तीच गत. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर मराठ्यांचा घात झाला. नानासाहेब पेशवे त्या वेळी मदतीस उत्तरेकडे निघालेले होते. त्यांस ती बातमी सुमारे दहा दिवसांनी, भेलशाच्या मुक्कामी, एका सावकारी जासुदाजवळच्या पत्रातून कळली. मधले दहा दिवस पेशवे अशा एका सैन्याच्या साहाय्यास चालले होते, जे उरलेच नव्हते. अंतर म्हणजे केवळ जमीन नव्हे, ते अज्ञानही असते, हे ह्या एका उदाहरणावरून ध्यानी येईल.

मजलांच्या ह्या देशात मैल आले, ते एका विलक्षण उद्योगामुळे. विल्यम लॅम्टन नावाच्या एका इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने १८०२ साली मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटच्या पायथ्याशी साडेसात मैलांची एक सरळ रेघ पोलादी साखळीने मोजली. ही साखळी मुळात चीनच्या बादशहास नजर करण्यासाठी नेलेल्या वस्तूंपैकी होती. ती तेथे स्वीकारली गेली नाही आणि फिरत फिरत हिंदुस्थानात आली. कोन मोजण्याचे लॅम्टनचे यंत्र सुमारे अर्ध्या टनाचे होते. ते विलायतेहून येत असता वाटेत फ्रेंचांनी जहाजासकट पकडले, आणि पुढे सौजन्याने परत पाठविले. पुढे १८०८ साली तंजावराच्या देवालयावर चढविताना ते आदळून बिघडले, तेव्हा लॅम्टनने सहा आठवडे तंबूत बसून ते स्वतःच्या हातांनी दुरुस्त केले.

ह्या मोजणीची रीत सोपी, पण श्रम अपार. एक पाया-रेघ साखळीने मोजावयाची. मग तिच्या दोन्ही टोकांवरून दूरच्या टेकडीवरील खुणेचे कोन घ्यावयाचे. एक बाजू आणि दोन कोन कळले की बाकीचा त्रिकोण गणिताने सुटतो. त्या त्रिकोणाची बाजू हाच पुढच्या त्रिकोणाचा पाया. अशी त्रिकोणांची साखळी लॅम्टनने कन्याकुमारीच्या बाजूपासून उत्तरेकडे, ७८ व्या रेखावृत्ताच्या आसपासून चढवीत नेली. मध्ये चूक साचू नये म्हणून काही अंतरावर नवी पाया-रेघ मोजून पडताळा घ्यावयाचा. अशी एक रेघ १८१५ साली बीदराजवळ मोजली गेली आणि पुढची १८२२ साली वऱ्हाडात एलिचपुराजवळ टाकरखेड्यास.

वाचकांनी नकाशा पुढे घेऊन बीदर आणि एलिचपूर ह्यांच्या मध्ये बोट ठेवावे. ते नांदेड-हिंगोलीच्या मुलुखात पडेल. हिंदुस्थानाच्या पाठीच्या कण्याप्रमाणे असलेली ती थोर मोजणी ह्याच पट्ट्यातून गेली. टेकड्यांवर निशाणे उभारली गेली, झाडे तोडून दृष्टीस वाट करून दिली गेली आणि शेकडो हिंदी माणसांनी, ज्यांची नावे बहुतांशी नाहीशी झाली आहेत, ओझी वाहिली, तापाने अंथरूण धरले आणि प्राणही दिले. लॅम्टनचा मदतनीस एव्हरेस्ट, ज्याच्या नावाने पुढे सर्वांत उंच शिखर ओळखले जाऊ लागले, तो पहिल्याच मोसमात कृष्णा-गोदावरीमधल्या रानात तापाने असा खचला की त्यास हवापालटासाठी देश सोडून जावे लागले. खुद्द लॅम्टन सत्तरीच्या घरात असताना हैदराबादेहून नागपुराकडे मुक्काम हलवीत होता. वाटेत हिंगणघाटास २० जानेवारी १८२३ रोजी त्याचा अंत झाला. त्याची कबर तेथेच आहे. ज्या मनुष्याने हिंदुस्थानातील अंतरे निश्चित केली, तो स्वतः मजल पुरी होण्यापूर्वीच थांबला.

ही सर्व यातायात कशासाठी? जमिनीचे नकाशे करणे हा सरकारचा हेतू खरा. परंतु लॅम्टनच्या मनातला प्रश्न त्याहून मोठा होता. पृथ्वीच्या गोलावर एक अंश म्हणजे नेमके किती मैल, हे त्यास ठरवावयाचे होते. आणि येथेच त्या बैलगाडीच्या काळातील उद्योगाचा आजच्या विमानाशी संबंध येतो. वैमानिक अंतर मोजतो ते सागरी मैलांनी. सागरी मैल म्हणजे मुळात रेखावृत्तावरील अंशाचा साठावा भाग, एक कला. आज त्याचे मान १८५२ मीटर असे ठरलेले आहे. अर्थात लॅम्टनने ज्या अंशाचा ध्यास घेतला, त्याचेच साठ तुकडे करून आजचा वैमानिक आपला मार्ग मोजतो.

ह्याची प्रचीती घरबसल्या घेता येईल. दिल्लीचा विमानतळ सुमारे २८ अंश ३४ कला उत्तर अक्षांशावर आहे, बंगळूरचा सुमारे १३ अंश १२ कलांवर. आणि दोन्ही जवळजवळ एकाच रेखावृत्तावर. वजाबाकी केली तर १५ अंश २२ कला उरतात, म्हणजे ९२२ कला, तितकेच सागरी मैल. त्यांस १८५२ मीटरांनी गुणले असता सुमारे १७०० किलोमीटर येतात. गोलावरील दोन बिंदूंमधला सर्वांत जवळचा मार्ग म्हणजे त्यांतून जाणाऱ्या महावृत्ताचा तुकडा. रेखावृत्त हे स्वतःच महावृत्ताचा अर्धा भाग असल्यामुळे येथे हिशेब इतका सरळ होतो. हीच रेघ दिल्लीहून दक्षिणेस ओढीत आलो, तर ती कळमनुरी तालुक्याच्या आसपासून जाते. प्रत्यक्ष विमाने ठरवून दिलेल्या वाटांनी थोडी इकडे तिकडे सरतात. परंतु आखाडा बाळापूरच्या अंगणातून जे दिसते, ते साधारणतः लॅम्टनच्या वाटेनेच चाललेले असते.

आता वेळेकडे वळू. हवेतून टपाल नेण्याचा जगातील पहिला अधिकृत प्रयोग आपल्याच देशात झाला. १८ फेब्रुवारी १९११ रोजी आंरी पेके ह्या फ्रेंच वैमानिकाने अलाहाबादेहून यमुना ओलांडून नैनीपर्यंत सुमारे साडेसहा हजार पत्रे नेली. अंतर सहा मैलांच्या आसपास आणि वेळ तेरा मिनिटे. त्यानंतर नियमित हवाई टपाल येथे रुजावयास वीस वर्षे लागली. १९२९ साली लंडनहून विमाने कराचीपर्यंत येऊ लागली. पण कराचीस उतरलेले मुंबई-मद्रासचे टपाल पुढे आगगाडीने जाई. हा खंड भरून काढण्यासाठी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जहांगीर रतनजी टाटा हे एका इंजिनाचे लहानसे विमान घेऊन सकाळी ६ वाजून ३५ मिनिटांनी कराचीहून निघाले, अहमदाबादेस थांबले आणि दुपारी दोनाच्या सुमारास जुहूस उतरले. जुहूचा तळ म्हणजे समुद्रकाठची उघडी जमीन. पावसाळ्यात ती निरुपयोगी होई. तेथून नेव्हिल व्हिन्सेंट यांनी टपाल घेतले व बळ्ळारीस रात्र काढून दुसऱ्या दिवशी मद्रास गाठले. विमानात बिनतारी यंत्र नाही, वाटेत दिशा दाखविणारा दिवा नाही. खाली दिसणारे लोहमार्ग आणि नद्या हाच वाटाड्या.

निजामाच्या राज्यातही पुढे स्वतःची कंपनी निघाली. दुसरे महायुद्ध संपल्यावर डेक्कन एअरवेजची विमाने हैदराबादेच्या बेगमपेठ तळावरून नागपुराकडून दिल्लीस आणि दक्षिणेस मद्रासकडे जाऊ लागली. त्या वेळी आखाडा बाळापूर निजामाच्याच परभणी जिल्ह्यात होते. म्हणजे गाव ज्या राज्यात, त्या राज्याजवळ विमाने होती. गावाजवळ मात्र बैलगाडीच होती. १९५३ साली ही कंपनी इतर कंपन्यांसह राष्ट्रीय महामंडळात विलीन झाली.

परंतु आमच्या मते ह्या साऱ्या इतिहासातील अत्यंत महत्त्वाची रात्र ३० जानेवारी १९४९ ची होय. त्या रात्रीपासून मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास ह्या चार शहरांतून टपालाची विमाने निघू लागली आणि मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरच्या सोनेगाव तळावर एकत्र येऊ लागली. नागपूरपासून मुंबई सरळ रेघेने सुमारे सातशे किलोमीटर, दिल्ली साडेआठशे, मद्रास नऊशे आणि कलकत्ता हजाराच्या आतबाहेर. अंतरे अशी जुळती म्हणूनच हे ठिकाण निवडले गेले. तेथे थैल्यांची अदलाबदल होई आणि उजाडण्याच्या सुमारास प्रत्येक विमान आपापल्या शहरी परत जाई. मुंबईत संध्याकाळी पेटीत टाकलेले पत्र दुसऱ्या सकाळी कलकत्त्यास. दळणवळणमंत्री रफी अहमद किडवाई ह्यांच्या आग्रहाने ही योजना सिद्धीस गेली, आणि लगेच १ एप्रिल १९४९ पासून त्यांच्याच खात्याने साधी पत्रे अधिक आकार न घेता विमानाने नेण्याचे ठरविले.

ह्या शेवटच्या गोष्टीचे मोल पुष्कळांच्या ध्यानी येत नाही. तोपर्यंत विमानाचा वेग हा पैसेवाल्यांचा होता; ह्या निर्णयाने तो साध्या तिकिटाच्या पत्रास मिळाला. पत्र पाठविणाराचे गाव विमानतळाजवळ असण्याची जरूर राहिली नाही. १ एप्रिल १९५० रोजी निजामाचे टपालखाते हिंदी टपालखात्यात विलीन झाल्यावर मराठवाड्यातील खेड्यांच्या पोस्टमनाची थैलीही ह्याच व्यवस्थेस जोडली गेली. विमान आखाडा बाळापुरास कधी उतरले नाही. परंतु विमानाचा वेग, काही अंशी का होईना, टपालवाल्याच्या पायांनी गावात आला. वेगाची वाटणी करता येते, आणि ती करणे हा राज्यकर्त्यांच्या इच्छेचा प्रश्न असतो, हे त्या एका निर्णयाने दाखवून दिले.

पत्रांच्या बाबतीत जे साधले, ते माणसांच्या बाबतीत साधले काय? येथे प्रथम हे सांगितले पाहिजे की, आकाशातही अंतर आणि वेळ ह्यांचे नाते सरळ नाही. फार उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वाऱ्यांचे झोत वाहतात. पूर्वेस जाणारे विमान त्यांवर स्वार होते, पश्चिमेस जाणारे त्यांच्याशी झुंजते. २०१६ च्या ऑक्टोबरात एअर इंडियाने दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोस जाणारे आपले विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिक महासागरावरून नेले. मार्ग हजार-दीड हजार किलोमीटरांनी वाढला, सुमारे १५,३०० किलोमीटर झाला. तरी वारा पाठीशी असल्यामुळे ते सुमारे साडेचौदा तासांत, म्हणजे पूर्वीपेक्षा लवकर पोहोचले. लांबची वाट जवळची ठरली. आमच्याकडे 'लांबून वळसा, पण लवकर' असे शेतकरी पावसाळ्यात म्हणतो, ते महासागरावरही खरे आहे.

शिवाय वेळापत्रकात छापलेला वेळ हा विमानाची चाके जागेवरून हलल्यापासून ती पुन्हा थांबेपर्यंतचा. दिल्ली-बंगळूर हा प्रवास पावणेतीन तासांच्या आसपास धरतात. त्यात धावपट्टीकडे रांगेने सरकणे आले, उतरण्यापूर्वी घिरट्या घालणे आले. परंतु घरापासून विमानतळापर्यंतचा आणि विमानतळापासून घरापर्यंतचा वेळ त्यात येत नाही. विमान ज्यांच्या शहरी उतरते, त्यांस हा वेळ तास-दोन तासांचा. ज्यांच्या केवळ डोक्यावरून ते जाते, त्यांस तोच वेळ सगळ्या प्रवासाहून मोठा.

आखाडा बाळापूरचा हिशेब मांडून पाहू. मनमाड-सिकंदराबाद ही गोदावरीकाठची आगगाडी १९०० च्या सुमारास सुरू झाली. तिला पूर्णेस जोडून १९१२ साली हिंगोलीपर्यंत फाटा आला. तो वसमतवरून गेला, आखाडा बाळापूर बाजूलाच राहिले. अरुंद रुळांच्या जागी रुंद रूळ येऊन पूर्णा-अकोला मार्गावर मोठ्या गाड्या धावू लागण्यास २००८ साल उजाडले. त्याच साली नांदेडास गुरु-ता-गद्दीची त्रिशताब्दी साजरी झाली आणि तेथील विमानतळास नवे रूप आले. २०१७ च्या एप्रिलात सरकारच्या प्रादेशिक विमानयोजनेचा आरंभ झाला, तेव्हा पहिल्याच दिवशी नांदेड-हैदराबाद विमान निघाले. त्याच वर्षाअखेरीस अमृतसरासही विमान जाऊ लागले. नांदेड ते अमृतसर हे अंतर सरळ रेघेने चौदाशे किलोमीटरांच्या आसपास, विमानास सव्वादोन-अडीच तासांचे. आगगाडीने तेच अंतर दोन हजारांवर भरते आणि दीड दिवस घेते. नामदेवांनी आणि गुरू गोविंदसिंगांनी ज्या दिशा पायांनी तुडविल्या, त्या यात्रेकरू आता दुपारच्या जेवणापासून चहाच्या वेळेपर्यंत ओलांडू लागला. ही गोष्ट लहान नव्हे, आणि तिचा आम्हांस मनापासून आनंद वाटतो.

परंतु पुढे ह्या सेवा कधी बंद पडल्या, कधी नव्या सुरू झाल्या. लोहमार्ग एकदा पडला की तो जागेवर राहतो. विमानाचा मार्ग मात्र वेळापत्रकातील एक ओळ असते, आणि ती खोडावयास रूळ उखडावे लागत नाहीत. ज्या सकाळी त्या मुलास घरी यावयाचे होते, त्या सकाळी त्याच्यासाठी बंगळूरहून नांदेडास सरळ विमान नव्हते. बंगळूर ते आखाडा बाळापूर हे अंतर सरळ रेघेने सुमारे सातशे किलोमीटर. आकाशातून जाणारे विमान ते तासाभरात तोडते. त्या मुलास रात्र मध्ये घालावी लागली. जुन्या भाषेत सांगावयाचे तर मैल पाच हजार दोनशे ऐंशी फुटांचे असोत की सागरी असोत, मजल मात्र एका रात्रीची ती एका रात्रीचीच राहिली.

तेव्हा त्या वृद्ध गृहस्थांच्या प्रश्नाचे उत्तर आम्हांस असे द्यावेसे वाटते. अंतर हे निसर्गाचे आहे. ते लॅम्टनने मोजले, आणि ते बदलावयाचे नाही. वेळ मात्र माणसांची आहे. ती कोणासाठी किती आखूड करावयाची, हे माणसे ठरवितात. पैसा ठरवितो, सरकार ठरविते, आणि कोणी किडवाईंसारखा आग्रही मनुष्य भेटला तर एका एप्रिल महिन्यात ठरते. देश किती जवळ आला, हे सांगताना आपण दोन मोठ्या विमानतळांमधला वेळ सांगतो, आणि तो खोटा नसतो. पण देश मोजण्याची ती अर्धीच रीत झाली. एखाद्या खेड्यातील उंबरठ्यापासून दूर शहरातील मुलाच्या खोलीपर्यंत किती तास लागतात, हे मोजले म्हणजे दुसरी अर्धी पुरी होईल.

लॅम्टनने आपल्या यंत्रासाठी टेकडी निवडताना एकच कसोटी ठेवली होती: तेथून पुढची खूण दिसली पाहिजे. ह्या पट्ट्यातील टेकड्यांवरून ती त्यास दिसली, म्हणून हिंदुस्थानाची मोजणी पुढे सरकली. ज्या मुलुखाच्या टेकड्यांवरून देश मोजला गेला, त्या मुलुखातील एका आईच्या सरणाशी तिचा मुलगा वेळेवर पोहोचावा, एवढी अपेक्षा धरणे वावगे नाही.